दादाचं डिप्रेशन: गोळ्या सुरू झाल्यात, आता घरच्यांनी काय करायचं?

रानवारा

नमस्कार मंडळी. मी इथं वाचते जास्त आणि लिहिते कमी. पण आज खरंच सल्ला हवाय.

माझा थोरला भाऊ तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतो. चाळिशी ओलांडलीय. लागोपाठ दोन हंगाम हातचे गेले. एकदा ऐन फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला, डाऊनी ही बुरशी आली आणि घड कुजले. पुढच्या वर्षी माल उत्तम आला, तर व्यापारी गाड्या भरून गेला आणि पैसे न देताच पसार झाला. सोसायटीचं कर्ज आहे, शेतीच्या औषध दुकानाची उधारी आहे. तरीही पहिल्या वर्षी दादा उभा होता, धावपळ करत होता. यंदा मात्र ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर तो बसूनच राहिला. मजुरांची टोळी बांधावर येऊन थांबली, काड्यांना लावायची पेस्ट कालवायची होती, आणि हा गोठ्याशेजारच्या कट्ट्यावर बसलेला. वहिनीनं हाक मारली तर म्हणाला, "तुम्हीच बघा, माझ्यानं होत न्हाई."

पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. दोन घास खाऊन ताट सरकवतो. फोन वाजत राहतो, उचलत नाही. "माझ्यामुळं समद्यांचं वाटुळं झालं" हे एकच वाक्य. त्याआधी काही महिने पोटात जळजळ, डोकं जड, छातीत धडधड असं चालू होतं. एंडोस्कोपी झाली, ईसीजी झाला, सगळं नॉर्मल. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच सांगलीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी डिप्रेशन सांगितलं, एस्सिटॅलोप्रॅम 10 मिलिग्रॅम आणि झोपेसाठी काही दिवस एक छोटी गोळी दिली.

आठवडा होऊन गेला. फरक शून्य, उलट मळमळतंय आणि जास्तच अस्वस्थ वाटतंय म्हणतो. आईचं म्हणणं, गोळ्यांची सवय लागेल, बंद करा. चुलत्यांचं म्हणणं, चार लोकांत हिंडला की आपोआप ठीक होईल. भावकीत बातमी जाऊ नये म्हणून सगळे दबक्या आवाजात बोलतात. मी पुण्यात, सुट्टीला जाते. बाकी सगळा भार वहिनीवर. गोळ्या लागू कधी पडतात? सवय खरंच लागते का? त्याच्याशी बोलायचं काय? कामाला लावायचं की आराम करू द्यायचा?

डॉ_निशिगंध

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. पेशंटला न बघता त्याच्याबद्दल काही सांगणं बरोबर नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी गोळ्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त उपचार याच टप्प्यावर सुटतात. एस्सिटॅलोप्रॅमच्या गटातल्या औषधांचा त्रास पहिल्या आठवड्यात दिसतो आणि गुण नंतर येतो. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी बहुतेकांची आठ-दहा दिवसांत ओसरते. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. मूड सुधारायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला सहा-आठ आठवडेही लागू शकतात. म्हणजे तुम्ही आत्ता अशा जागी आहात जिथे तोटा दिसतोय आणि फायदा अजून यायचाय. बेचैनी फारच वाढली, तो एका जागी बसूच शकत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

सवयीबद्दल आईंची शंका रास्त आहे, पण ती दोन गोळ्यांपैकी एकीला लागू होते. एस्सिटॅलोप्रॅमची चटक लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. ती एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या असा त्रास होतो, म्हणून हळूहळू कमी करतात. झोपेची गोळी जर क्लोनाझेपामसारख्या गटातली असेल, तर तिची मात्र सवय लागू शकते. म्हणून ती थोड्याच दिवसांसाठी देतात. ती किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि दुकानातून परस्पर आणत राहू नका.

पुढच्या भेटीत दोन गोष्टी काढा. एक, थायरॉइड, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासलंय का. थायरॉइड कमी असेल तर असंच सुस्त, उदास चित्र दिसू शकतं, आणि शाकाहारी माणसात बी-12 कमी असणं खूप आढळतं. दोन, यापूर्वी कधी दादांचा काळ अगदी उलटा गेलाय का: झोप कमी आणि तरीही उत्साह उतू जातोय, बेफाम खर्च, मोठमोठे बेत, अखंड बडबड. तसं असेल तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. तो बायपोलर आजार असू शकतो, आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकं हाताशी असतात. आजच्या आज ती घरातून हलवा. कुलपात ठेवलीत आणि किल्ली खुंटीला लावलीत तर उपयोग नाही; दुसऱ्याच्या घरी ठेवा. गोळ्यांची पाकिटंही वहिनींकडे राहू देत, रोजची रोज द्या. आणि दादांना सरळ विचारा: "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचं हायसंच वाटतं. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. घरच्यांनाही फोन करता येतो.

रानवारा

डॉक्टर, तुमचं वाचून लगेच वहिनीला फोन केला. फवारणीची औषधं आणि पंप शेजारच्या मळ्यातल्या काकांकडे गेले. फवारणी आता तेच करून देणार आहेत. प्रश्न विचारायला मला फार जड गेलं, पण रात्री फोनवर विचारला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "येतं कधी कधी मनात. पोरीकडं बघून ऱ्हातो." सकाळीच डॉक्टरांना कळवलं, त्यांनी आजच बोलावलंय. वहिनी आणि काका घेऊन निघालेत.

खडूफळा

ताई, विचारलंत हे फार चांगलं केलंत.

मी नाशिक जिल्ह्यात शिक्षक आहे. या आजारातून गेलोय, म्हणून आतून कसं असतं ते सांगतो. बाहेरच्यांना वाटतं माणूस दुःखी आहे. मला दुःखसुद्धा वाटत नव्हतं. वर्गात आवडता धडा शिकवताना तोंड चालू असायचं आणि आत काहीच हलायचं नाही. आंघोळ ही गोष्ट डोंगराएवढी झाली होती: उठायचं, कपडे काढायचे, पाणी घ्यायचं, पुसायचं, परत कपडे घालायचे. प्रत्येक पायरी वेगळी दिसायची आणि पहिल्याच पायरीवर दम लागायचा. "मी नालायक आहे" हे मला मत वाटत नव्हतं. फळ्यावर लिहिलेल्या गणिताइतकं ते खरं वाटायचं. अशा माणसाला "तुला काय कमी आहे?" म्हटलं की त्याच्या यादीत आणखी एक गुन्हा जमा होतो: एवढं सगळं असून मी असा.

माझ्या पत्नीनं कधी "ऊठ, आंघोळ कर" म्हटलं नाही. ती म्हणायची, "पाणी काढलंय, टॉवेल आत ठेवलाय." बस. कधी मी उठायचो, कधी नाही. नाही उठलो तर बादलीतलं पाणी ती भांड्यांना वापरून टाकायची, आणि त्यावर चर्चा व्हायची नाही. हे मला आजही सगळ्यात मोठं औषध वाटतं.

बोलायचं काय, तर थोडं बोला. "दिसतंय मला, तुला फार जड जातंय." "हा आजार आहे, तुझा दोष नाही." "मी इथं बसते, बोललास तरी चालेल, नाही बोललास तरी चालेल." निर्णय त्याच्यावर टाकू नका. "काय खाशील?" या प्रश्नानं मला रडू यायचं. समोर भाकरी-आमटी आली की दोन घास तरी जायचे.

सुधारणा माझ्यात सरळ रेषेत आली नाही. आधी झोप सुधारली, मग भूक, आणि गोडी सगळ्यात शेवटी. दोन दिवस बरे आणि तिसरा वाईट गेला की घरचे हबकायचे. हबकू नका.

सह्यकडा

माझ्या अनुभवानं सांगतो, निसर्ग आणि ध्यान यासारखं काही नाही. दादांना दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवता आलं तर बघा. नाहीतर रोज पहाटे चालणं आणि प्राणायाम. गोळ्यांवर किती दिवस काढणार?

डॉ_निशिगंध

सह्यकडा, चालण्याबद्दल पूर्ण सहमत. नियमित व्यायामाचा डिप्रेशनमध्ये उपयोग होतो याला चांगला आधार आहे. प्राणायामही त्यांना आवडत असेल तर जरूर. पण तीव्र आजारात, आणि मरणाचे विचार येत असताना, दहा दिवस गप्प बसून फक्त स्वतःच्या मनाकडे बघत राहणं धोक्याचं ठरू शकतं. ज्या मनात चोवीस तास "मी वाईट" चाललंय त्याच्याबरोबर त्यांना एकटं ठेवायला नको. बरं वाटल्यावर, डॉक्टरांशी बोलून जावं. गोळ्या आणि चालणं यात एकच निवडायची गरज नाही.

मांडवीकाठ

"कामाला लावायचं की आराम?" या प्रश्नाबद्दल आमच्या गोव्यातला अनुभव सांगते. मी आरोग्य केंद्रात काम करते.

इथं संगत नावाची संस्था आहे, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये सुरू केलेली. त्यांनी गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेल्या लोकांशी बोलणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. गावातलीच साधी माणसं, नीट प्रशिक्षण दिलेली. सहा ते आठ भेटी. ज्यांना या भेटी मिळाल्या ते नेहमीच्या उपचारावरच्या लोकांपेक्षा जास्त प्रमाणात बरे झाले. 2017 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

त्या भेटींचा गाभा असा: आजारी माणूस म्हणतो, बरं वाटलं की करीन. पण काही केलंच नाही तर बरं वाटायचे रस्तेही बंद होतात; माणसं तुटतात, कामं साचतात, मन आणखी खाली जातं. म्हणून इच्छा होण्याची वाट न बघता, अगदी छोटी, ठरलेली कृती आधी करायची. आणि छोटी म्हणजे खरोखर छोटी. "उद्यापासून बागेत जा" ही छोटी कृती नव्हे. "सकाळी आठला वहिनीबरोबर गोठ्यात जाऊन एका म्हशीला वैरण घालायची" ही झाली. मग तिथंच विचारायचं, करण्याआधी कसं वाटत होतं, नंतर कसं वाटलं. फरक चिमूटभर असला तरी त्याच्या स्वतःच्या तोंडून यावा.

दोन प्रकारच्या गोष्टी निवडा. एक, ज्यात पूर्वी आनंद मिळायचा. दुसरी, जी केल्यावर "हे मला जमलं" वाटेल. बाग सध्या त्यांच्यासाठी अपयशाची जागा झालीय, तिथून सुरुवात नको. पूर्वी त्यांना काय आवडायचं?

रानवारा

भजन! एकादशीला देवळात पखवाज धरायचा. आता पखवाज कपड्यात गुंडाळून माळ्यावर आहे. आणि जनावरं, विशेषतः खोंडं. खिलार जोडी होती त्याची, ती गेल्या वर्षी विकली.

मांडवीकाठ

मग पखवाज खाली काढून ठेवा. वाजव म्हणू नका. पखवाजाच्या पुडीला कणीक लावायला कुणा जुन्या साथीदाराला घरी बोलवा, दादा शेजारी बसले तरी पुरे. अख्खी भजनी मंडळी एकदम आणू नका.

अबोली

रानवारा, मी वहिनींच्या जागेवर होते, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते.

आधी पैशाचं. डिप्रेशन आणि कर्ज हे दोन वेगळे विषय आहेत असं घरात ठरवून टाका. आजार कर्जामुळे सुरू झाला असेल, पण कर्जाचा हिशोब आजारी माणसाच्या उशाशी बसून होत नाही. सोसायटीचे, दुकानदाराचे फोन दुसऱ्या कुणी तरी घ्या. बँकेत जाऊन बोला. सरकारनं त्या भागात नैसर्गिक आपत्ती जाहीर केली असेल तर पीककर्जाचं पुनर्गठन मागता येतं. व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार केली नसेल तर कागद गोळा करायला लागा, पण हे चुलत्यांचं काम. त्यांना काहीतरी करायचंच आहे ना, मग हे द्या.

आणि कुठलाही मोठा निर्णय आत्ता नको. माझ्या नवऱ्यानं या काळात दुकान विकायचा हट्ट धरला होता. आम्ही "बरा झालास की ठरवू" एवढंच म्हणत राहिलो. दादा कदाचित बाग तोडायची म्हणतील, जमीन काढायची म्हणतील. आत्ता त्यांना सगळं काळंच दिसणार आहे, त्या नजरेनं सह्या होऊ नयेत.

मुलीला सांगा. दहावी-बारावीची असो वा लहान, तिला घरातलं सगळं दिसत असतं. "बाबांना आजार झालाय, औषध चालू आहे, हे तुझ्यामुळे नाही, आणि त्यांना हसवायची जबाबदारी तुझी नाही." एवढं स्पष्ट सांगितलं की मुलं मोकळी होतात.

वहिनी स्वतः कधी झोपतात? पहाटे तीनला ते उठतात म्हणजे यांचीही झोप मोडते. तुम्ही जाता त्या दोन रात्री तुम्ही त्या खोलीत झोपा आणि वहिनींना दुसरीकडे झोपू द्या. माहेरी एक दिवस जाऊन येऊ दे. भावकीपासून लपवण्याचा शीण आजारापेक्षा जास्त असतो. सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण गावात निदान दोन माणसं अशी हवीत ज्यांना खरं माहीत आहे. शेजारचे काका एक झाले.

खडूफळा

खर्चाचं कुणी विचारलं नाही, तरी लिहितो, पुढे कुणी वाचेल त्यांच्यासाठी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथं तपासणी आणि औषधं मिळतात. गोळ्या जेनेरिक घेतल्या तर फार महाग पडत नाहीत, डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या. विदर्भ-मराठवाड्यात सरकारनं 2015 मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशाताईंकडून घरोघरी चौकशी होते. तुमच्या गावातल्या आशाताईशी बोलून बघायला हरकत नाही. आणि आरोग्य विमा असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं बंधन कंपन्यांवर आहे.

झुळूक

एक भीती विचारू का? माझ्या मामांना डॉक्टरांनी शॉक सुचवलाय. घरात सगळे हादरलेत. सिनेमातलं आठवतं, हातपाय बांधून...

डॉ_निशिगंध

तसं आता करता येत नाही. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ही उपचारपद्धती वापरायला 2017 च्या कायद्यानं मनाई आहे. पेशंट झोपेत असतो, काही मिनिटांचं काम असतं. खाणंपिणं सुटलेलं, आत्महत्येचा धोका मोठा, किंवा गोळ्यांना दाद न देणारं तीव्र डिप्रेशन, अशा वेळी ती खूप उपयोगी पडते आणि गोळ्यांपेक्षा लवकर गुण देते. त्या दिवसांतल्या काही गोष्टी विसरल्या जातात, तो त्रास खरा आहे. बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. मामांच्या डॉक्टरांकडे जाऊन सगळ्या शंका लिहून विचारा. संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारणं हा तुमचा हक्क आहे.

रानवारा

मंडळी, मधे बरेच दिवस लिहायला जमलं नाही. थोडक्यात सांगते.

त्या दिवशी डॉक्टरांनी दादाशी एकट्याशी बराच वेळ बोलून घेतलं, डोस ठरल्याप्रमाणे वाढवला, आणि पहिले काही आठवडे दर आठवड्याला बोलावलं. तपासणीत बी-12 फार कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. सुरुवातीला काहीच हललं नाही. मग वहिनी म्हणाली, पाचपर्यंत झोपायला लागलाय. नंतर एकदा आमटीत मीठ कमी आहे म्हणाला, आणि तिला इतका आनंद झाला की मला फोन करून सांगितलं. वैरण आता तो न सांगता घालतो. पखवाज अजून वाजवला नाही, पण साथीदार आला तेव्हा "शाई उडालीय, दुरुस्तीला न्यायला पाहिजे" एवढं बोलला. बाग यंदा काकांनी आणि मजुरांनी सांभाळली. माल कमी आहे, पण आहे.

आता नवीन अडचण. बरं वाटतंय म्हणून गोळी नको म्हणतोय, आणि या वेळी आईबरोबर चुलतेही त्याच्या बाजूनं आहेत.

डॉ_निशिगंध

मिठाची तक्रार ऐकून मलाही फार बरं वाटलं.

गोळी आत्ता बंद करू नका. पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने तोच डोस चालू ठेवतात, कारण लवकर थांबवलं तर आजार परतण्याचा धोका खूप असतो. पहिल्या खेपेनंतर साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात पुन्हा कधीतरी खेप येते. आईंना आणि चुलत्यांना पुढच्या भेटीला बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातला वाद मिटतो.

दादा थोडे बरे आहेत तेव्हाच त्यांच्याबरोबर बसून लिहून काढा, यावेळी सर्वांत आधी काय बिघडलं होतं. तुमच्या पहिल्या पोस्टवरून मला दिसतं ते पोटातली जळजळ, पहाटेची जाग आणि फोन न उचलणं. यातल्या दोन गोष्टी आठवडाभर दिसल्या तर थेट डॉक्टरांकडे जायचं, हे दादांच्याच संमतीनं ठरवा, आणि कागद वहिनींकडे व काकांकडे एकेक ठेवा. गोळी कमी करायची वेळ येईल तेव्हा हंगाम बघून ठरवा. छाटणी, फुलोरा आणि माल काढायचे दिवस सोडून, कामाचा ताण कमी असेल अशा महिन्यात, थोडी थोडी.

अबोली

आणि कीटकनाशकं काकांकडेच राहू देत. बरं वाटतंय म्हणून परत आणू नका.

रानवारा

हो, ते तसंच ठेवलंय. कागद आज रात्री बसून लिहितो आम्ही. वहिनी म्हणते, तिलाही डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय. पुढच्या भेटीत तिच्यासाठी वेगळा वेळ मागून घेतलाय.